वरदूच्या बदल्यात

अक्का,

मागच्या शनिवारी आपण कारखान्याच्या संघाला हरवलं. वरदूला हरवलं. तू असतीस तर आधी रडली असतीस, मग माझ्याशी भांडली असतीस, आणि ते भांडण जिंकूनच जेवायला बसली असतीस.

सुतक फिटलं होतं, तरी आई म्हणाली, "आज गच्चीवर जाऊ नको. लोक बघतात." मी वाळलेले कपडे आणायला म्हणून गेले आणि पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले. तिथून अर्धंच मैदान दिसतं. वरदू आपल्या बास्केटवर चालून आला की तो दिसायचा, आपली पोरं पलीकडे धावली की नुसता आवाज यायचा. असा मी अर्धा सामना पाहिला आणि अर्धा ऐकला. शेवटच्या शिट्टीनंतर सगळी गल्ली ओरडली, त्यावरून कळलं. कपड्यांचा गठ्ठा घेऊन खाली आले तर आईनं विचारलं, "जिंकले काय गं?" तिनं हे कधी कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. स्वयंपाकघरात बसून तिला निकाल तुझ्या ओरडण्यावरून कळायचा.

तू किती ओरडायचीस! मैदान आपल्या गच्चीच्या खालीच, लाल मातीचं. सामन्याच्या दिवशी दुपारी पाणी शिंपडून पोरं चुन्याच्या रेघा मारायची आणि तो ओल्या मातीचा वास वर आला की तू हातातलं काम टाकायचीस. कठड्यावर कोपरं टेकून, अर्धी बाहेर वाकून, "बिडबेडो वरदू! बिडबेडो!" असं तू ओरडायचीस, म्हणजे सोडू नको, सोडू नको. खालचे लोक वर बघायचे. मी एक पाऊल मागे सरायची. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की मुलींचा आवाज खोलीबाहेर जाता कामा नये. तू कन्नड शाळेत शिकलीस. तिथे तुला काय शिकवलं होतं ते तूच जाणे.

"तुला आवडत नाही काय?" तू विचारायचीस.

"आवडतं की."

"मग तोंडात काय धरलंयस?"

लोकांना वाटायचं तुझं वरदूवर मन आहे. सोनअत्यानं एकदा आईला तसं सुचवलंही. तू पोट धरून हसलीस. "अय्यो अत्या, त्याचं लग्न मामाच्या मुलीशी कधीच झालंय. आणि त्याचं नाक बघितलंस काय? त्याला घरात ठेवायचं तर छप्पर उचलायला लागेल." तुझं मन त्याच्या उभं राहण्यावर होतं. तो बास्केटखाली उभा राहायचा, आपला सेंटर, एक हात वर, आणि बाकीचे चौघे जग फिरून शेवटी चेंडू त्या हाताकडे पाठवायचे. मला संस्कृतच्या तासाला कर्ता कळला नाही, तेव्हा तू म्हणालीस, "वरदू म्हणजे कर्ता. बाकीचं वाक्य त्याच्यासाठी." ते मात्र मला लगेच कळलं.

मग संघाला खेळ शिकवणारे रामय्या मास्तर आपल्या ओट्यावर येऊन बसले तो दिवस. अप्पा संघाच्या समितीवर होते म्हणून असल्या गोष्टी आधी आपल्या ओट्यावर यायच्या. तू आणि मी दाराआड होतो.

"कारखाना वरदूला कायमची नोकरी देतोय," मास्तर म्हणाले. "राहायला क्वार्टर्स. तीन पोरांचा बाप आहे तो. आपण नको कसं म्हणायचं?"

"मग आपल्याला काय?"

"त्यांची दोघं देतायत. अंतोणी आणि गुंडप्पा. नोकरी तिथं, खेळायला आपल्याकडे. तिथं ती दोघं नुसती बाकावर बसतात. आणि मी अडून बसलो तेव्हा म्हणाले, बास्केटचे लोखंडी खांब पण घेऊन जा. आपले लाकडी वाळवीनं खाल्लेत ना."

दाराआडून तू म्हणालीस, "खांबांची उंची तरी वरदूएवढी आहे काय, मास्तर?"

मास्तर हसले. अप्पा हसले नाहीत. मला तेव्हा कळलं नाही की अप्पांच्या डोक्यात त्याच दिवसांत दुसरी अदलाबदलही चालू होती.

आपल्या लोकांत साटंलोटं नवं नाही. हेब्बाळचे लोक त्यांची सरोजा आपल्या अण्णाला द्यायला तयार होते, पण आपली मुलगी त्यांच्या मुलाला द्यायची या बोलीवर. एकाच मांडवात दोन लग्नं, दोन्ही घरांची एकेक मुलगी पलीकडे. थोरले म्हणतात, यात दोघी सुखात राहतात, कारण एकीला तिकडे कुणी बोललं तर दुसरीला इकडे ऐकावं लागतं. अप्पांनी तुला विचारलं, म्हणजे सांगितलं, तेव्हा तू पाट्यावर चटणी वाटत होतीस. तू वरवंटा थांबवला नाहीस.

"अप्पा, माझ्याबरोबर खांब पण द्यायचे काय त्यांना?"

या खेपेला अप्पा हसले. मग उठून परसात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. आणि तुझं लग्न झालं. मांडवात तू सरोजावहिनीकडे बघून एकदा डोळा मारलास, ते मी पाहिलं. तिनं पाहिलं नाही, ती मान खाली घालून बसली होती.

तू सासरी गेल्यावर संघाचं काय झालं ते मी तुला वेळोवेळी सांगितलंच आहे, पण आता सगळं सलग सांगते, कारण मधेमधे तू मला बोलू द्यायची नाहीस.

मास्तरांनी आधी तेच केलं जे कुणीही केलं असतं. त्यांनी वरदूच्या जागी वरदूसारखा दिसणारा माणूस उभा केला. शेषाद्री. उंच होता, त्याला वरदूचंच बनियन दिलं, ते त्याला खांद्यावर सैल व्हायचं. चौघे जुन्या सवयीनं फिरायचे आणि चेंडू त्या हाताकडे पाठवायचे. हात तिथे असायचा, पण चेंडू त्यात थांबायचा नाही. मग लोक ओरडायचे, "वरदू असता तर!" शेषाद्रीला ते ऐकू जायचं. तो आणखी उंच व्हायचा प्रयत्न करायचा, टाचा वर करून. मला वरून त्याच्या टाचा दिसायच्या. सामन्यामागून सामने गेले. अंतोणी आणि गुंडप्पा आपल्याकडेही बाकावरच बसून राहिले.

मी अप्पांबरोबर हेब्बाळला आले की तू पाणी द्यायच्या आधी निकाल विचारायचीस. आणि तुझ्या सासूबाई आत गेल्या की आपण तळ्याच्या बाजूला जायचो, धुण्याच्या दगडांवर बसायचो आणि भांडायचो.

"मास्तरांचं डोकं फिरलंय," तू म्हणालीस. "जागा माणसाबरोबर जाते. वरदू गेला, ती जागा पण गेली. आता तिथं कुणाला उभं करून काय उपयोग?"

"असं कसं? बास्केट तिथेच आहे ना? मग तिच्याखाली कुणीतरी लागणारच. जागा रिकामी ठेवता येत नाही, अक्का."

"ठेव की. बघ काय होतं."

"समोरचे येऊन घालतील."

"घालू देत. पण त्या बिचाऱ्याला वरदू वरदू म्हणून मारू नका."

मला वाटायचं मी शहाण्यासारखं बोलते आहे. नियमाला धरून. तू नियम मोडायलाच बसलेली असायचीस. एकदा तू एवढी जोरात ओरडलीस की तळ्यावरचे बगळे उडाले, आणि आपण दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो. मग तू म्हणालीस, "इथं ओरडायला एवढंच आहे."

यायला तुला मिळायचं, पण साटंलोट्याच्या हिशेबानं. हेब्बाळहून तुला पाठवलं की इकडून वहिनीला पाठवायचं. तिकडे तुला थांबवलं की इकडे वहिनीनं थांबायचं. आपल्या शिवाजीनगरच्या स्टँडवर तू बसमधून उतरायचीस आणि वहिनी त्याच बसमध्ये चढायची. अण्णा तुझी पिशवी उतरवून घ्यायचा आणि तिची चढवायचा. तुम्ही दोघी एकमेकींना "बरी आहेस ना" एवढंच म्हणायच्यात, कारण कंडक्टर घाई करायचा. तू असायचीस तेव्हा घरात वहिनी नसायची आणि वहिनी असायची तेव्हा तू नसायचीस. मी दोघींबरोबर राहिले, पण दोघींना एका पंगतीत कधी वाढलं नाही.

मधल्या काळात आपला खेळ बदलला. कसा, ते मला नीट सांगता येत नाही. एका सामन्यात शेषाद्रीचा पाय मुरगळला आणि मास्तरांना अंतोणीला उतरवावंच लागलं. अंतोणी बुटका, डावखुरा, आणि कुठेच उभा राहत नाही. त्याच्यामागून गुंडप्पा आला. बास्केटखाली त्या दिवशी कुणी उभंच नव्हतं. बाकीच्यांनी सवयीनं चेंडू तिथे पाठवला आणि तो मातीवर आपटून बाहेर गेला. दोनदा. तिसऱ्या वेळी त्यांनी पाठवला नाही. चेंडू या हातातून त्या हातात फिरत राहिला, सगळेच धावत राहिले, आणि धावताधावता कुणीतरी तो आत टाकला. कुणी, ते मला वरून दिसलंच नाही.

वहिनी माझ्याजवळ बसून शेंगा सोलत होती. तिनं विचारलं, "आता कुणी घातला?"

"माहीत नाही."

"मग टाळ्या कुणासाठी?"

मी हसले. तू सासरी गेल्यापासून गच्चीवर मी पहिल्यांदा हसले होते आणि लगेच मला वाईट वाटलं.

पुढे शेषाद्रीचा पाय बरा झाला तेव्हा मास्तरांनी त्याला कडेला खेळवलं, त्याचं स्वतःचं बनियन देऊन. अक्का, तो लांबून किती सुंदर चेंडू टाकतो! बास्केटखाली उभं केल्यावर ते कुणाला कसं कळणार होतं?

मग तो सामना, ज्यावरून आपण शेवटचं भांडलो. कारखान्याचा संघ आपल्या मैदानावर आला होता आणि तुला नेमकं तेव्हाच पाठवलं होतं. तुझी लेक चिन्नी कडेवर होती. तू कठड्यावर वाकलीस. मला वाटलं आता ओरडशील, आणि तू ओरडलीस. "बिडबेडो वरदू!"

आपल्या गच्चीवरून. आपल्याविरुद्ध. शेजारच्या गच्चीवरचे लोक वळून बघायला लागले. खाली मास्तरांनी मान वर केली. वरदूनंही केली, आणि चेंडू हातात असताना क्षणभर तो तसाच थांबला. अंतोणीनं तेवढ्यात चेंडू काढून घेतला. ते बघून तू कपाळावर हात मारून घेतलास आणि मला इतकं हसू आलं की मी तोंडात पदर कोंबला.

सामना आपण हरलो. खाली आल्यावर मी म्हटलं, "तू त्यांच्याकडून कशी ओरडलीस?"

"मी वरदूकडून ओरडले."

"वरदू म्हणजे ते. आपण म्हणजे हे. अंतोणी, शेषाद्री, गुंडप्पा."

"ही तुझी पोरं. कोंबड्या सोडल्यासारखी पळतात."

"पळतात, पण छान पळतात. आता शिकलीत ती. वरदूवाचून जमतं त्यांना."

तू चिन्नीला खाली ठेवलंस. "आणि घराचं?"

"घराचं काय?"

"घराला जमतं?"

मला वाटलं तुला काळजी वाटते. तिकडे असताना तुझा जीव इकडे लागून राहू नये म्हणून मी म्हटलं, "सगळं छान चाललंय. वहिनी सगळं शिकली. तू काळजी नको करू."

"सरी, ठीक," तू म्हणालीस. आणि साडी घडी करायला लागलीस, जी आधीच घडी केलेली होती.

खरं ते मी तुला सांगायचं ठेवून दिलं. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. घराला नव्हतं जमत, अक्का. अप्पा बाहेर पडताना अजून "अक्का, चष्मा" अशी हाक मारायचे आणि मग स्वतःच शोधायचे. अण्णा आणि अप्पा एकमेकांशी बोलेनासे झाले होते. भांडले नव्हते. पूर्वी अण्णाचं म्हणणं अप्पांना तू सांगायचीस आणि अप्पांचं त्याला तू समजावायचीस, तर आता ते कुणाकडे द्यायचं हे दोघांनाही कळत नव्हतं. आई तुझ्या वाट्याचं भाजीचं पल्य काढून ठेवायची आणि संध्याकाळी मला खायला लावायची. वहिनी चांगली होती, तिनं कुणाचंच काही बिघडवलं नाही, आणि तरी आम्ही सगळे तू जिथे असायचीस तिथे बोलणं टाकत होतो आणि ते खाली पडत होतं. तुला हेच ऐकायचं होतं ना? मी तुला नेमकं उलटं सांगितलं, तुझ्या भल्यासाठी.

तापाचं मी लिहिणार नाही. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. इस्पितळात वहिनी तुझ्या उशाशी बसून होती. तुम्ही दोघी एका खोलीत, पहिल्यांदाच, आणि तू तिला आई समजून हाक मारत होतीस. तिनं "हो" म्हटलं. प्रत्येक वेळी.

आता जे झालं ते सांगते. त्यासाठीच बसले आहे.

वहिनी दिवसांसाठी हेब्बाळला गेली होती ती परत आली नाही. चिन्नीला तीच बघत होती, म्हणून आधी कुणी काही बोललं नाही. मग तेराव्याचं जेवण झालं आणि सोनअत्यानं पान लावता लावता माझ्याकडे बघत विषय काढला.

"चिन्नी हिला चिक्कम्मा, धाकटी आई, म्हणतेच. हिलाच द्या तिकडे. पोर परकीच्या हातात जायला नको. दोन घरांचं आहे तसं राहील."

आई म्हणाली, "अत्या, आज नको."

"आज नको तर कधी? ते लोक सरोजाला उगीच ठेवून घेतलेत होय? आपली मुलगी त्यांच्याकडे नाही तर त्यांची आपल्याकडे कशी राहील? माझं काय, मी स्वल्प कडू बोलते. तुम्ही गोड बोला आणि तेच करा."

अण्णा उठून बाहेर गेला. तो वहिनीशिवाय जेवत नव्हता हे मी बघत होते. त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही. मला त्याचंच ओझं झालं.

शनिवारचा सामना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पा माझ्या खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत. "बळजबरी नाही," म्हणाले. "भावोजी चांगले आहेत. तू चिन्नीचा विचार कर." त्यांच्या हातात चष्मा होता आणि तो ते पुसत होते, पुसत होते.

मी खरंच विचार केला. चिन्नीचा आधी केला. ती माझ्या मांडीवर झोपते तेव्हा तिच्या तळपायाला वास येतो तो लहानपणी तुझ्याही पायाला यायचा असं आई सांगते. मी गेले तर ती रोज माझ्याजवळ. वहिनी अण्णाकडे परत. आई-अप्पांना निश्चिंती. मी नाही गेले तर हे सगळे अडणार. मी एकटी सोडून कुणाचंच नुकसान नव्हतं, आणि माझं नुकसान मला नीट मांडता येत नव्हतं. पण डोळे मिटले की मला शेषाद्रीच्या टाचा दिसायच्या. त्या घरात मी तुझ्या चुलीपुढे उभी, तुझ्या खुंटीवर माझी साडी, आणि भावोजी तोंडानं काही न बोलता माझ्यात तुला शोधणार. ते चांगले आहेत म्हणून बोलणार नाहीत. मी तुझ्यासारखी ओरडणार नाही, तुझ्यासारखी हसणार नाही, आणि तिथे प्रत्येक जण मनात म्हणेल, ती असती तर. मीही म्हणेन. सगळ्यात मोठ्यानं मीच म्हणेन.

आपण भांडत होतो तेव्हा मी तुझ्याविरुद्ध बोलत होते, अक्का. जागा रिकामी ठेवता येत नाही, असं मीच म्हणत होते.

काल अण्णा आणि मी हेब्बाळला गेलो. अप्पांना मी म्हटलं, उत्तर मी तिथेच देईन. त्यांना वाटलं असेल की होकार आहे, कारण मी नकार द्यायला एवढ्या लांब कशाला जाईन?

तुझ्या सासूबाईंनी मला आत बसवलं. चिन्नी वहिनीच्या पदराला धरून होती. भावोजी खिडकीपाशी उभे होते, दाढी वाढलेली.

"चहा घे," सासूबाई म्हणाल्या. "आता तुझंच घर."

"मावशी, मी राहायला येणार नाही."

"आज नाही गं. वर्षाच्या आत मुहूर्त बघू."

"कधीच नाही."

त्यांनी मला इतका मोठा आवाज काढताना कधी ऐकलं नव्हतं. मोठा नव्हता, पण माझ्या मानानं होता.

"काय कमी आहे आमच्यात?"

"काहीच नाही. पण अक्काच्या जागी मी उभी राहणार नाही. मला नाही जमणार, आणि तुम्हाला रोज दिसेल की जमत नाही."

"बघ रे," त्या भावोजींना म्हणाल्या. "बहिणीच्या पोरीची पण माया नाही."

तेव्हा भावोजी बोलले. खिडकीबाहेर बघतच बोलले. "अम्मा, तिला विचारायला नको होतं. मी नको म्हटलं होतं तुला."

मग सासूबाई म्हणाल्या, "सरी. मग सरोजा पण इथंच राहील. त्यांची मुलगी इकडे नाही, आमची तिकडे नाही. हिशेब मिटला."

अण्णा उभा राहिला, पण त्याच्या तोंडून शब्द निघेना. तुला तो ठाऊक आहे. त्याचं म्हणणं सांगायला तू लागायचीस. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी वहिनी बोलली.

"अम्मा, माझी पिशवी भरलेली आहे. मी निघते."

"कुणाच्या बोलीवर?"

"बोली कसली? माझं घर आहे तिथं."

"आणि ही पोर?"

वहिनी खाली बसली. चिन्नीच्या मुठीतून पदर एकेक बोट करून सोडवला आणि ती मूठ भावोजींच्या हातात दिली. "अण्णा, आता तू धर," ती आपल्या भावाला म्हणाली. "तुझी आहे ती. मी दर आठवड्याला येईन. ही पण येईल. कुणाच्या बदल्यात येणार नाही, नुसतं येऊ."

चिन्नी फाटकापर्यंत रडत आली. भावोजींनी तिला उचललं, त्यांना नीट उचलता येत नव्हतं, तिचा झगा वर सरकला होता. ते मी बघितलं आणि मागे जावं असं मला वाटलं. अजून वाटतं. त्या घरात उद्या कुणीतरी नवी येईल, अक्का. यायला हवीच. तिला तिथे कुणी तुझं नाव घेऊन मारू नये, एवढंच मी भावोजींना जाताना म्हणाले. त्यांनी मान हलवली. तू हेच म्हटलं असतंस ना? आणखी काय म्हटलं असतंस ते मला विचारता येत नाही.

बसमध्ये अण्णा पुढे बसला. वहिनी आणि मी मागे. तळं मागे गेलं तशी ती रडायला लागली, आवाज न करता. मीही. लोक बघत होते आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुझी अक्का मला नीट भेटलीच नाही गं. ती यायची तेव्हा मी इकडे. सगळ्या घराला माहीत होती, मला तेवढी नाही. कशी होती?"

कुठून सुरू करावं ते मला कळेना. मी म्हटलं, तिला लहानपणी विहिरीत वाकून बोलायची सवय होती. आणि मग मी थांबलेच नाही. पेरूच्या झाडावरून पडलीस ते सांगितलं, पाटी फोडून शाळेच्या मास्तरांनाच दोष दिलास ते सांगितलं, गणिताच्या बाईंची नक्कल सांगितली आणि ती करूनही दाखवली, बसमध्ये, तुझ्या आवाजात. पुढे बसलेला अण्णा मागे वळून बघत होता. वहिनी हसत होती आणि रडत होती आणि "पुढं?" म्हणत होती.

"शिवाजीनगर! इळीरी, इळीरी!" कंडक्टर ओरडला, आणि सगळे उतरायला लागले. माझ्या गोष्टीत तू अजून शाळेतच होतीस.